चौदा नंबरच्या चित्रातले हात

९ सप्टें. ७३, रवि.
संग्रहालयातली सकाळची फेरी. तीसेक माणसं, त्यात कोराडीच्या बांधकामावरचे आठ-दहा कामगार. पहिली तेरा चित्रं उरकली. चौदा नंबरपाशी थांबलो. विहीर, तिच्या ओट्यावर पाठमोऱ्या दोन बायका, खाली हात पुढे करून एकटी उभी ती. म्हणालो, "हिला तहान लागली आहे आणि विहीर चार पावलांवर आहे. ही चार पावलं टाकायला आपल्याला किती शतकं लागली?" एक कामगार डोळे पुसत होता. अकरा वर्षं हेच बोलतो. आई आमच्या गावच्या विहिरीच्या ओट्याखाली अशीच उभी राहायची.
क्युरेटर दारातून ऐकत होते. वहीत काहीतरी टिपून गेले. लक्षण वाईट.

११ सप्टें.
लेखी सूचना. 'मार्गदर्शकाने फलकावर आहे तेवढेच सांगावे.' फलकावर आहे: विहिरीवरील स्त्री, तैलरंग, चित्रकार अज्ञात. संपलं.
तासाभरात उत्तर दिलं: ही बाई पाणी मागते आहे. ते सांगायचं नसेल तर मला ठेवू नका.
घरी बायको, कमल, म्हणाली, "उद्या दिलं असतं उत्तर तं काय झालं असतं?"

१४ सप्टें.
क्युरेटरांनी बोलावलं. आवाज चढवला नाही, चहा मागवला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची फेरी ते स्वतः ऐकणार. मग ठरवणार, रविवारच्या फेऱ्या ठेवायच्या की बंद करायच्या. धम्मदीक्षेच्या सोहळ्यासाठी त्या दिवशी आपली माणसं गावोगावहून आलेली असतात. म्हटलं, या, ऐका.

२३ सप्टें., रवि.
लिहावंसं वाटत नाही.
फेरीत खाप्याची एक म्हातारी होती, नातीबरोबर. माझं बोलून झालं. ही पुढे आली. "भाऊ, हे बाई पानी नाही मागून राहिली. सुताची लडी धरली हाये तिनं."
"लडी कुठं दिसते, आजी?"
"नाही दिसत. हात तं दिसते ना. पानी मागनारी ओंजळ करते. हिचे हात फाकले हायेत, आंगठे वरते. आंगठे पाडले का लडी घसरते. जलमभर माग चालवला आमी, मले काहून शिकवता?"
कोणीतरी हसलं. मी म्हणालो, चित्राला अर्थ असतो, आजी. ती नातीला म्हणाली, "चाल वं." आणि जाता जाता मला, "काम करून राहिली होती बिचारी. तुमी तिले मागाले लावलं."

२५ सप्टें.
दालन बंद झाल्यावर स्टुलावर चढलो. डाव्या मनगटावर दोन पांढुरक्या रेघा, केसाएवढ्या. हातांमधलं सूत कधीतरी चित्र साफ करताना पुसलं गेलं असावं. अंगठे वर आहेत. दोन हातांत वीतभर अंतर.
आजोबांच्या घरी माग होता. आई लडी धरायची, मी समोर बसून सूत गुंडाळायचो. तिच्या मनगटांवरून ते सुटत यायचं. हे कधी आठवलंच नाही. ओट्याखालची आई तेवढी आठवत राहिली.

२६ सप्टें.
कमलला सांगितलं. भाकरी थापत होती, थांबली नाही. "तुमी चित्राकडं पाठ करून बोलता. सारं तोंड लोकायकडं. मी आली होती तवाच पाह्यलं."
"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"
"बोलू देता का तुमी कोनाले?"

३ ऑक्टो.
दोन कपाटं पुस्तकं वाचली, एक मनगट वाचता आलं नाही.
लडी म्हटलं तर क्युरेटर म्हणणार, मी हेच सांगत होतो; फलकापुरतं बोला. पाणी म्हटलं तर खोटं. आणि तहान तर खोटी नव्हती. ती सांगायला दुसरं चित्र कुठे आहे या भिंतीवर?
खाप्याला जाऊन म्हातारीला गाठावं, असं मनात होतं. तिचं नाव विचारलेलं नाही. माणसाला नाव असतं म्हणून सभांची मैदानं गाजवणारा मी, आणि...

७ ऑक्टो., रवि.
दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. क्युरेटर दारात, हाताची घडी. रामटेककडची एक बाई सुनेला घेऊन आलेली. "भाऊ, ते पान्याचं सांगा. हिनं आयकलं नाही अजून."
पहिल्यांदाच लोकांकडे पाठ केली. म्हणालो, "तिचे हात पाहा. आपले तसेच धरा."
वळलो. सगळ्या दालनात हात पुढे आलेले. सगळ्या ओंजळी. घट्ट जुळलेल्या, मी जुळवलेल्या.
सून तेवढी चित्राकडे पाहत होती. मग आपल्या ओंजळीकडे. हात हळूच सुटायला लागले तिचे, तोच सासूने कोपराने ढोसलं, "नीट धर वं." तिने पुन्हा जुळवले.
"लडी," मी म्हणालो.
मागून कोणीतरी म्हणालं, "आयकू नाही आलं, भाऊ. जोरात सांगा."