एकाच दुपारची दोन दारं

प्रिय ऑक्टाव्ह,

निकाल काय लागला ते तुझ्या वकील मिस फोंटेनोनं तुला फोनवर सांगितलंच असेल. पण सुनावणीच्या दिवशी मी कोर्टात होते, हे तिनं सांगितलेलं नसणार. मीच तिला नको म्हटलं होतं. अगदी शेवटच्या बाकावर बसले होते, आईचा निळा कोट घालून.

ही तुझी वकील म्हणजे काडीसारखी पोरगी रे! उभी राहिली तरी कागदांच्या ढिगामागं जेमतेम दिसत होती. मनात म्हटलं, आटोपलं सगळं. सरकारी वकील मात्र ऐटीत. म्हणाला, ‘कायदा स्पष्ट आहे. आधीचे दोन गुन्हे असले की तिसऱ्याला जन्मठेप. यानं दोन कुलुपं फोडली, म्हणजे दोन गुन्हे.’ मला ती दुपार आठवली. तू अठरा वर्षांचा. बायूच्या दलदलीकाठी मासेमारीला येणाऱ्यांच्या दोन खोपट्या, एकीतून रेडिओ उचललास, दुसरीतून गळ. समोरच्या तीन न्यायाधीशांपैकी पांढऱ्या केसांच्या बाईंनी चष्मा काढला. ‘पहिल्या दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जायला त्याला किती वेळ लागला?’ सरकारी वकील म्हणाला, ‘पाचेक मिनिटं, बाईसाहेब.’ ‘मग त्या पाच मिनिटांत कायद्यानं त्याला कोणती ताकीद दिली?’ तो पुन्हा तेच कलम वाचून दाखवू लागला.

निकालाची प्रत मी स्वयंपाकघरात उभ्यानं तीनदा वाचली. चुलीवरची भेंडी करपून गेली. त्यात लिहिलंय की शिक्षा भोगून, सुधारायची संधी मिळूनही जो पुन्हा गुन्ह्याकडे वळतो, तो सराईत. एकाच दिवशी सुनावलेल्या दोन शिक्षा म्हणजे संधी एकच. म्हणजे म्हाताऱ्या गिद्रीच्या बोटीचं इंजिन चोरलंस, तो तुझा दुसरा गुन्हा, तिसरा नव्हे. त्याला जास्तीत जास्त बारा वर्षं. तू एकवीस काढलीस, म्हणून आता सुटका. वरच्या नऊ वर्षांचं काय, ते काही लिहिलेलं नाही.

आई गेल्याचं तुला तुरुंगातल्या पाद्रीबाबांनी सांगितलं. सांगायला हवं होतं मी. शेवटपर्यंत ती विचारायची, ‘इर्मा, ऑक्टाव्हला पत्र टाकलंस का गं?’ मी दर वेळी हो म्हणायचे. एकही टाकलं नव्हतं.

का, ते तुला ठाऊक आहे, पण अर्धंच. इंजिनाचा खटला चालला तेव्हा खोपट्यांच्या जुन्या खटल्याच्या कागदावरचे तुझे बोटांचे ठसे पुसट निघाले. तो आरोपी तूच, हे सांगायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी पिंजऱ्यात उभी राहिले, जुना फोटो पाहिला, तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘हो, हा माझा भाऊ.’ गाव म्हणतं, बिचारीला काय माहीत! तूही तसंच धरून चालला असशील. मला माहीत होतं, ऑक्टाव्ह. शिक्षा वाढणार, हे आदल्या दिवशीच त्यांनी मला सांगितलं होतं. गिद्री दारात येऊन रडून गेला होता, आईनं आठवडाभर तोंड लपवलं होतं. मी चिडले होते, थकलेही होते. वाटलं, चार-पाच वर्षं आत राहिला तर घराला जरा श्वास घेता येईल. जन्मठेप ऐकली तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवरच बसले. मी खोटं बोलले नाही. पण खरं बोलले ते रागानं.

आता हे सगळं का लिहिते आहे, तर काल मिस फोंटेनोनं विचारलं, सुटल्यावर राहायचा पत्ता काय लिहू? पत्ता नसला तर सुटका लांबते म्हणे. मी आपल्या घराचा दिला, तुला न विचारता. माझं सगळं ऐकून तो नको वाटला तर खुशाल खोडून टाक. तिच्याकडे चर्चच्या वसतिगृहाचाही पत्ता आहे. मी वाईट वाटून घेणार नाही. आणि ठेवलास, तर त्या दिवशी मी गाडी घेऊन फाटकाशी उभी असेन. लगेच काही बोलायलाच हवंस असं नाही. घरापर्यंत तीन तासांचा रस्ता आहे. गप्प बसून आलो तरी चालेल.

तुझीच,
इर्मा