अळीच्या पाठीवरचे पांढरे ठिपके

१ डिसेंबर २०१९, लातूर

लिंबाच्या झाडावर हिरवी अळी सापडली! जुनी लेन्स उलटी करून चिकटपट्टीनं कॅमेऱ्याला बसवली. तेव्हा कुठं एवढं बारीक दिसतं. "हलू नको, मान थोडी वर," म्हणालो — स्टुडिओची सवय. घरमालकीण गौरम्मा हसल्या. "फोटोवाले, अळीचं लगीन जमवायलात का?"

उदगीरचा स्टुडिओ बंद ठेवून लेकीसाठी इथं खोली केली, त्याला अडीच वर्षं झाली. बुद्धप्रिया मेडिकलच्या क्लासला, मी स्वयंपाकाला. उरलेला वेळ बागेत.

२ डिसेंबर

भाजी करपली. प्रियानं तशीच खाल्ली.

३ डिसेंबर

अळीचा फोटो साफ केला. पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके होते, पुसून टाकले. झकास झाला! प्रियाला आधीचा आणि नंतरचा, दोन्ही दाखवले. ती आधीच्यावरच थांबली. "पप्पा, डाग न्हाईत हे. कोष हायेत. बारक्या गांधीलमाशीची पिल्लं तिला आतून खाऊन बाहेर आलीत. तुमी तिचं दुखणंच पुसलं की."

ओशाळलो. पण हाताला वळणच तसं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औशाच्या एका स्टुडिओत कामाला होतो. लोक ढिगाऱ्यातले फोटो आणायचे. चिरा, मातीचे डाग मी ब्रशनं भरून काढायचो. एक बाई नवऱ्याचा साफ केलेला चेहरा पदरात गुंडाळून घेऊन गेली. तेव्हापासून डाग दिसला की पुसायचा, हेच चांगलं काम समजत आलो.

६ डिसेंबर

सकाळी दोघांनी बुद्धवंदना घेतली. मग नीटच्या तिसऱ्या खेपेच्या फॉर्मसाठी तिचा फोटो काढला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायला माऊस धरला — आणि अळी आठवली. आधीच्या दोन फॉर्मांचे मूळ फोटो शेजारी लावले. दर फोटोत गाल आणखी बसलेले, नजर आणखी विझलेली. दोन्ही वेळा मीच पुसलं होतं सगळं. लेक रोज समोर बसून जेवते आणि मला दिसली नाही. लाज वाटली, रडू आलं.

विचारलं, "झोप लागती का गं?"

तिनं तिन्ही फोटो पाहिले. मग म्हणाली, "दोन महिने क्लासला गेले न्हाई पप्पा. बसस्टँडवर बसते. उदगीरची गाडी लागली की उठते, परत बसते."

८ डिसेंबर, उदगीर

फॉर्म भरला नाही; काल दोघं घरी परतलो. स्टुडिओमागच्या खोलीत प्रिया काल दुपारपासून झोपली आहे. स्टुडिओचं शटर अजून उघडलेलं नाही — फार आवाज करतं.