याडीचा आवाज अन् वेगाची पट्टी

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार

डीजेचं मशीन आलं! दोन चकत्या, मधात ढीगभर बटणं, अन् दोन्ही बाजूले एकेक उभी सरकपट्टी. किशननं कारंज्याहून जुनंच आणलं, पण चमकते नव्यासारखं. (नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाई मी. वहीत कोण पाहून राह्यलं?) "हात नको लावू," म्हणे.

लावला.

२५ फेब्रुवारी

पट्टी म्हणजे वेग. खाली ओढली की गाणं पळते, वर सारली की रेंगाळते. उलटंच बाप्पा! मी इचारलं, असं काहून? किशन म्हणे, "कंपनीले माहीत." म्हणजे त्याले माहीत नाई.

२७ फेब्रुवारी

किशन हरबरा काढाले वावरात, मी मशीनपाशी! पडद्यावर आकडा दिसते – एका मिनिटात गाण्याचे किती ठोके, तो. दोन गाण्यांचे आकडे पट्टीनं सारखे केले की एकातून दुसऱ्यात अलगद जाता येते, नाचणाऱ्याचा पाय चुकत नाई. आमचा किशन तं गाणं कापूनच बदलते. पोट्टे एक पाय हवेत धरून उभे राह्यतात बिचारे!

१ मार्च

होळी तेरा तारखेले. यंदा याडीले गायला लावीन तेव्हाच मी खरी.

याडी म्हणजे माझी सासू, गोमतीबाई. होळीले लेंगीचं गाणं ती उचलते, अन् सारा तांडा गोल फिरत मांगून झेलते. नगारा, थाळी, नुसता दणका! पण दोन वर्षं झाली, किशनचे भोंगे आले तवापासून तिनं तोंड उघडलं नाई. "तुमच्या डब्ब्यापुढं मी कायले घसा फाडू?" लग्नानंतरच्या पहिल्या दोन होळ्यांत मी तिचं आयकलं. अंगावर काटा आला होता. ते मले पुन्हा आयकाचं हाय. बस्.

मंजू, माझी नणंद, फोनवर म्हणे की लेंगी याडी अन् तिचा भाऊ जोडीनंच शिकले. रतनसिंगमामा, इंझोरीचा. पण त्याचं नाव या घरात काढाचं नाई! मंजूच्या लग्नात त्याले आंधी टिळा लावला नाई म्हणून मामा भरल्या मांडवातून उठून गेला. सात वर्षं झाली. मी तं त्याले पाह्यलंही नाई, ना त्याचं कधी आयकलं.

आज याडी हरबरा पाखडता पाखडता एकटीच गुणगुणू लागली, मंग रंगात आली. मी मोबाईल सुपाआड ठेवला. अख्खं गाणं घावलं!

३ मार्च

याडीचं गाणं मशीनात टाकलं तं काय – सुरुवातीले सत्तर ठोके, शेवटी शहाण्णव! याडीच्या आवाजामांगं ढोल वाजवून तिलेच आयकवाचं होतं मले, म्हणजे तिले गावंसं वाटन; पण अशानं ढोल कसा जुळन? मले वाटलं, बुढी घाईत पळत गेली. मी गाणं सरळ केलं. आकडा वाढला की पट्टी थोडी वर, अजून वाढला की अजून वर. याडीले कळू नये म्हणून आवाज बंदच, नुसता आकडा पाहून सत्तरावर बसवलं अन् तसंच भरून घेतलं. लय हुशार समजून राह्यली मी स्वतःले.

४ मार्च

नाक कापलं!

संध्याकाळी अंगणात मोठ्या भोंग्यावर लावलं. पहिलं कडवं झकास. दुसऱ्यात आवाज जाड झाला. शेवटी तं चक्क माणूस गाऊ लागला! पोट्टे लोळून लोळून हासले. किशन म्हणे, "माह्या मायले मिशा फुटल्या!"

बापू, म्हणजे सासरे, हासले नाई. ते याडीकडे पाहून राह्यले. याडी चुलीवरून उठली अन् घरात गेली. तव्यावरची भाकर जळली.

५ मार्च

याडी बोलत नाई. चहा दिला, घेतला. गोड झाला का म्हटलं. रिकामा कप माह्याकडे सरकवला अन् सूप घेऊन बसली.

७ मार्च

मानोऱ्याच्या बादलले फोन केला. किशनचा मावसभाऊ, साउंडचंच काम करते. पोट धरून हासला आंधी. मंग सांगतलं – पट्टी सरकवली की दोन गोष्टी संगं हालतात, वेगही अन् स्वरही. हळू केलं की आवाज खाली उतरते, जोरात केलं की चिरकते. 'मास्टर टेम्पो'चं बटण दाबलं की मंग फक्त वेग बदलते, आवाज ज्याचा त्याचा राह्यते.

ते बटण पहिल्या दिवसापासून डोळ्यापुढं हाय! मशीन बिघडन म्हणून दोघांनीही हात लावला नाई. आज दाबलं. याडी याडीसारखी गायली. मी एकटीच नाचली खोलीत.

पण बापूनं दुसरी चूक काढली. "लेंगी चढतेच बाई. पाय तापले की गाणं पळते. तू तिले येसन कायले घातली?"

८ मार्च

आता गाणं जसंच्या तसं ठेवलं. ढोल दुसऱ्या चकतीवर. याडी चढली की मी ढोलाची पट्टी बोटानं हळूच खाली ओढते. तिच्या मांगं मांगं. अकरा वेळा फसलं, बाराव्यांदा जुळलं! खाटेवरच्या बापूचा पाय हालत होता, मी पाह्यलं.

९ मार्च

याडीले आयकवलं. म्हटलं, "माफ कर याडी, तुया आवाजात माणूस घुसवला. हे बटण दाबलं, आता पाह्य, तुयाच हाय."

सारं आयकलं. "चांगलं हाय," म्हणे, पण तोंड उतरलेलंच. उठता उठता म्हणे, "तुले कोनं सांगतलं मी त्याच्यानं रुसली?"

मंग कायच्यानं? किशनले इचारलं तं घोरून राह्यला.

११ मार्च

दुपारी याडी आली, दार लोटलं. "ते बटण काढ." मी 'मास्टर टेम्पो' बंद करून तिचं गाणं लावलं. तिनं स्वतः पट्टी धरली अन् वर सारली, आवाज जाड होईपर्यंत. डोळे मिटून शेवटपर्यंत आयकलं.

"रतन असाच गाते," म्हणे. "सात वर्षांनं आयकला त्या दिशी."

मंग पदरानं डोळे पुसले अन् मलेच डाफरली – "पाहत काय राह्यली? लाव त्याले फोन! सांग, परवा लेंगी मी उचलून राह्यली, झेलाले ये म्हणा."