म्हातारपणाची हुबेहूब नक्कल

मोंतेर्रेय,
२० जानेवारी

ती. आउसेन्सियाताईस एलिसेओचा सा. न. वि. वि.

ताई, कारखान्यात रजा मिळाली नाही. २ फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला मी गावी हाराक्वारोत नसेन. लहानपणी मी तळ्यात बुडता बुडता वाचलो, तेव्हा तातांनी बापाच्या काळजीनं नवस बोलला होता, की दर सणाला आपल्या घरातला एक जण म्हाताऱ्याचा मुखवटा चढवून म्हाताऱ्यांच्या नाचात उतरेल. आधी ते उतरले, मग बारा वर्षं मी. यंदा नवस चुकणार.

पण तातांना नाचू देऊ नकोस. डॉक्टरांनी गुडघा आणि छाती दोन्हींसाठी बजावलंय. ते ऐकायचे नाहीत, तेव्हा मुखवटाच लपव. तू लपवलेल्या माझ्या गोट्या अजून सापडलेल्या नाहीत!

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा एलिसेओ


हाराक्वारो,
४ फेब्रुवारी

चि. एलिसेओस अनेक आशीर्वाद.

मुखवटा मी मक्याच्या कणगीत पुरला होता. सणाच्या सकाळी ताता म्हणाले, गुडघा ठणकतोय, पडून राहतो. मी भोळी! मक्याचे तामालेस उकडून निश्चिंतपणे देवळासमोर गेले. नाचातल्या तुझ्या जागी आपला चुलतभाऊ फाबियान उतरला असणार, असं धरून चालले.

शेजारी फ्रान्सहून आलेली एक प्रवासी बाई होती. मोडक्यातोडक्या बोलीत ती म्हणाली, की सगळीच पोरं म्हाताऱ्याचं सोंग छान आणतात, पण ओळीतला तो शेवटचा मात्र उस्ताद आहे. हात काय थरथरतो, पाय काय ओढतो! वय काय त्याचं?

मी नीट पाहिलं. अरे, तसा डावा पाय ओढणारं माणूस मी रोज चुलीपाशी बघते! नाच संपण्याआधी मुखवटा उतरला तर नवस वाया जातो, म्हणून ओरडताही येईना. बाईला म्हटलं, असेल विशीतला. मग टाळ्या वाजवल्या आणि रडलेही. त्या बाईचे उपकारच झाले. तिनं दाखवलं नसतं, तर तातांचा नाच मी ओळखलाच नसता.

छाती ठीक आहे, गुडघा सुजलाय. मी अबोला धरलाय, पण शेक देते. काळजी करू नकोस, माया असू दे.
तुझी ताई


हाराक्वारो,
१० फेब्रुवारी

चि. एलिसेओस ताता लिब्रादोचा आशीर्वाद.

तुझी बहीण बोलत नाही, तिची भांडी तेवढी बोलतात. मुखवटा मला लगेच सापडला. तुझी आईही कणगीतच लपवायची.

नाच संपल्यावर त्या पाहुणीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, की अशी हुबेहूब नक्कल तिनं कुठे पाहिली नाही. मुखवट्याआड मला हसू आवरेना, मग रडू आवरेना. बारा वर्षं तुझ्या जिवाबद्दल देवाचे आभार मी तुझ्याच पायांनी मानत होतो, बाळा. एकदा पुन्हा माझ्या पायांनी मानायचे होते. ते राहून जाईल असं वाटलं होतं. राहिलं नाही.

मुखवटा परत कणगीत ठेवलाय. पुढच्या सणाला तू काढ.

ताईला या पत्रातलं काही कळू न देण्याइतका लोभ ठेव.
तुझा ताता