पट्टी तपकिरी होती

सोमवार, ४ मार्च

मोतीबिंदूची अकरा ऑपरेशनं! पाय नुसते भरून आलेत.

सकाळी अवजारांचा डबा वाफेच्या मशीनमधून बाहेर काढला. आत ठेवतो ती कागदी पट्टी काळी कुळकुळीत व्हायला हवी. ही तपकिरी – म्हणजे वाफ पुरती लागलीच नाही! सगळ्यांना दाखवली. मशीन सांभाळणारा दादा म्हणाला, "पट्ट्यांचा गठ्ठा जुना आहे, रंग कमीच चढतो." मेट्रनबाई म्हणाल्या, "चालेल, नाही का डॉक्टर?" डॉक्टर – "तुम्हा सगळ्यांना चालत असेल तर माझं काय! लोक डोळ्यांत थेंब घालून ताटकळलेत."

"हो, चालेल," मी म्हणाले. मीच!

परत वाफ द्यायला पाऊण तास लागला असता.

मंगळवार, ५ मार्च

सगळ्यांचे डोळे स्वच्छ. कालच्या अकरांतले शिंपीकाका म्हणाले, "सिस्टर, आता सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारायला नको!" उगाच रात्रभर मन खात राहिलं.

गुरुवार, ७ मार्च

तिघं परत आले. डोळे लालभडक, सुजलेले. त्यात शिंपीकाका. पट्टीचं कोणी नाव काढलं नाही.

शनिवार, ९ मार्च

दोघांचे डोळे वाचतील. शिंपीकाकांचा गेला. मी औषध घालायला गेले तर मलाच म्हणतात, "तुम्ही कशाला रडता? माझंच नशीब." तिथून पळालेच.

नवरा म्हणतो, "मग तेव्हाच बोलायचंस ना!" त्याला काय सांगू? नऊ वर्षं आम्ही चौघं एकत्र. एकदाही आवाज चढला नाही. आई आजारी होती तेव्हा मेट्रनबाईंनी माझ्या ड्युट्या केल्या, दादाने गाडी काढली, डॉक्टर रोज घरी येऊन तिला बघून जायचे. अशा माणसांपुढे 'थांबा' म्हणायला जीभच वळत नाही.

गेल्या वर्षी एक नवी सिस्टर आली होती. सारख्या शंका – हे तपासलं का, ते लिहिलं का? आम्ही तिला 'फौजदारीण' म्हणायचो. चार महिन्यांत सोडून गेली. त्या दिवशी आम्ही हसत हसत चहा प्यायलो होतो.

सोमवार, ११ मार्च

उद्या चौकशी. दुपारी डॉक्टरांच्या खोलीत बसलो. मेट्रनबाई म्हणाल्या, "पट्टी काळी होती, असंच सगळे सांगू. आपणच एकमेकांना सांभाळायचं." दादाने मान डोलावली. डॉक्टरांनीही. मग मीही!

थकले बाई.

मंगळवार, १२ मार्च

पहिलं मलाच बोलावलं. "पट्टी तपकिरी होती," मी सांगितलं. "माहीत असून मी हो म्हणाले."

बाहेर बाकावर तिघं बसलेले. त्यांनाही सांगून टाकलं. मेट्रनबाईंनी तोंड फिरवलं. एकटीच घरी आले. नऊ वर्षं संपली!

बुधवार, १३ मार्च

सकाळी तिघंही दारात. काल त्यांनीही खरंच सांगितलं. दादा म्हणाला, "मला मशीन परत लावायचं होतं, पण तुम्ही सगळे निवांत दिसलात." मेट्रनबाई म्हणाल्या, "मला वाटलं, डॉक्टर थांबवतील." डॉक्टर खाली बघत म्हणाले, "आणि मी वाट बघत होतो – तुमच्यापैकी कोणीतरी नको म्हणेल."

चौघांनाही नको होतं.