मिठागराची गोष्ट लिहिणाऱ्यास माझी खोली

मी, श्रीमती आनंदी खंडू पाष्टे, वय ७४, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आणि दोन कथासंग्रहांची लेखिका (दोन्ही आता कुठे मिळत नाहीत, शोधू नयेत), राहणार बेव्हर्ली पार्क, मीरा रोड पूर्व, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहून घेत आहे. डोळे काचबिंदूने गेले आहेत. बुद्धी शाबूत आहे. गोंधळलेली आहे, पण शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा पुतण्या लवू शंका काढणार हे मला माहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत. किती केली ते आठवत नाही, सगळीच रद्द.

१. रत्नागिरीच्या घरातला, यजमानांकडून आलेला हिस्सा लवूला द्यावा. "काकी, गोष्टी लिहून कुणाचं पोट भरलंय?" असं तो दर गणपतीत विचारतो. माझ्या बांगड्या त्याच्या बायकोला, नेहाला. ती निदान वाचते तरी.

२. तरुणपणी मी एका थोर लेखकांकडे मार्गदर्शनाला गेले होते. त्यांनी कथेवरचं नाव वाचलं, कथा न वाचताच कागद परत दिले आणि म्हणाले, "बाई, पाककृती लिहा." आता ते हयात नाहीत. त्यांच्या स्मृतिदिनाला माझ्या पश्चात माझ्या नावाने कुणी हार घालू नये.

३. म्हणून माझ्याकडे रविवारी कथा लिहिणारी मुलं येतात, त्यांना नियम एकच. छापून आणलेल्या कागदावर नाव घालायचं नाही. कथा पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकायची, ज्याच्या हाताला जी लागेल ती त्याने मोठ्याने वाचायची. स्वतःचीच निघाली तरी परक्याची असल्यासारखी वाचायची. ही माझी, असं लेखकाने कधीच म्हणायचं नाही, नंतरसुद्धा नाही.

४. सध्या तिघं येतात. संघर्ष तायडे खारी गावात, मिठागरांजवळ राहतो; एका खोलीत घरची सगळी माणसं, म्हणून हा जिन्यात बसून लिहितो. मिनल राऊत नया नगरात शिकवण्या घेते, मुलं गेली की सासूबाई टीव्ही लावतात. साहिल शिगवण कुरियरच्या ऑफिसात आहे, येता-जाता मोबाइलवर लिहितो. तिघंही गुणी आहेत आणि एकालाही धड बसायला जागा नाही.

५. मध्यंतरी डब्यातून एक गोष्ट निघाली. मिठागरावर राखण करणारा म्हातारा आणि त्याच्याशी न बोलणारी सून. मिनलने वाचली. संपल्यावर मला चहा ठेवायलाही उठवेना. अशी गोष्ट मला जन्मात जमली नाही, आणि मला हेवा वाटला, हे स्पष्ट सांगते. ही गोष्ट लिहिणाऱ्याला माझी ही राहती खोली द्यावी. नवीन लिहिणाऱ्याला शाबासकी पुष्कळ मिळते; दार लावून बसता येईल अशी जागा कुणी देत नाही.

६. वकील जितेंद्र म्हणतात, "मॅडम, नाव लिहा. 'लिहिणाऱ्याला' असं चालत नाही." अहो, पण नाव मला माहीत असेल तर ना! विचारलं की तिघंही म्हणतात, "माझी नाय, काकू." कधी वाटतं संघर्षच, त्याला मिठागरं जवळ. मग वाटतं, सुनेचं ते गप्प राहणं मिनलशिवाय कोण लिहिणार? आणि साहिल गप्प बसला की वाटतं, हाच तो. डोकं भणभणून गेलं आहे. हे कलम खोडा. नाही, राहू द्या. (वकील म्हणतात, मृत्युपत्रात 'नाही, राहू द्या' लिहीत नाहीत. मी म्हणते, लिहा.)

७. वकिलांनीच सांगितलं की जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मग झालं की काम! आज तिघंही समोर बसली आहेत, तिघांना हा कायदा समजावला आहे. साक्षीदार दोन लागतात. ज्या दोघांनी ती गोष्ट लिहिलेली नाही त्यांनी सही करावी. जो सही करणार नाही, खोली त्याची.

वाचून दाखवलं, समजलं, म्हणून सही: आनंदी खंडू पाष्टे

साक्षीदार:
साहिल शिगवण
मिनल राऊत
संघर्ष तायडे

पुरवणी, त्याच दिवशी

तिघांनीही सह्या केल्या.

मी ओरडलेच, "अरे, वेड लागलंय का तुम्हाला? दोनच पाहिजे होत्या!"

साहिल म्हणाला, "काकू, सही नाय केली म्हणजे नाव सांगितल्यासारखंच झालं ना. नियम तुमचाच."

"खड्ड्यात गेला नियम! हातची जागा जातेय."

सह्या करताना एका पेनचा आवाज मध्येच थांबला होता, मग पुन्हा आला. ते पेन कुणाचं, मला दिसलं नाही. वकिलांनी पाहिलं असेल, पण मी त्यांना विचारणार नाही.

वकील म्हणाले, नवीन मृत्युपत्र करून खोली तिघांना मिळून देता येईल. मला पटलं होतं. तर संघर्ष म्हणाला, "मग आमच्या मागनं येतील त्यांनी जिन्यातच बसायचं काय?"

म्हणून कलम पाच आणि सात रद्द. खोलीचा न्यास करावा. दरवर्षी एका नव्या कथालेखकाला ती वर्षभर बिनभाड्याने द्यावी. वकील याला फेलोशिप म्हणतात, म्हणोत. निवड या तिघांनी करावी, नाव न बघता, आणि जो निवडला जाईल त्याचं लिखाण दर रविवारी बसून ऐकावं. निवडणारे तेच, म्हणून त्यांना स्वतःला तिथे राहता येणार नाही.

हे बरोबर झालं, की एका चांगल्या लेखकाची जागा मी माझ्या हाताने घालवली, मला खरंच कळत नाही. वाईट वाटतं आहे. त्या लेखकाला जे सांगायचं ते इथेच लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगायला कुणाकडे वळू तेच समजत नाही: तू लिहिणं सोडू नकोस. तिघांनीही हे आपल्यालाच लिहिलं आहे असं धरून चालावं.

सही: आनंदी खंडू पाष्टे

पुरवणीचे साक्षीदार: जितेंद्र सावे, वकील, संचिता मयेकर, शेजारीण

मीरा रोड, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५