भागुबाईंचं नाव गुप्त ठेवण्याबाबत

१८ मार्च १९९९, गुढीपाडवा
नवीन वर्ष, नवीन जबाबदारी. ऑफिसातले तिन्ही कॉम्प्युटर काल एका वायरीनं जोडले आणि साहेबांनी ती वायर माझ्या ताब्यात दिली. म्हणजे मी नेटवर्कचा इनचार्ज. बारामतीच्या आमच्या सरकारी ऑफिसात पुण्याचं ट्रेनिंग घेतलेला मी एकटाच. (दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं होतं, पण दुसऱ्याच्या नोट्स उतरवून आणल्यात.) त्यातली एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली. सिक्युरिटी!
संकल्प: ऑफिसातलं एक अक्षर बाहेर जाऊ द्यायचं नाही. शिवाय रोज पहाटे फिरायला जायचं.

१९ मार्च
फिरायला गेलो नाही. श्रीखंड जड झालं.
पासवर्ड ठेवला. बायकोचं नाव. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, त्यानंतर आजतागायत 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर संसार चाललाय. जे नाव मी माझ्या घरात घेत नाही, ते परक्याला कुठून कळणार? ट्रेनिंगवाल्यांना कळवायला हवं. पुढच्या बॅचला उपयोगी पडेल.

२३ मार्च
सुप्याकडच्या वाड्यांना टँकर सुरू. कुठं किती खेपा गेल्या ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे. टँकरमालक रामहरीतात्या रोज सकाळी आकडे सांगतात, आणि तेही फोनवर! एक्स्चेंजमध्ये कुणी कान लावून बसला असेल तर? फोन तात्काळ बंद करायला लावला. तात्या म्हणाले, "बरं झालं, तेवढाच ताप कमी." समजूतदार माणूस.
स्वरूपा (आमची ऑपरेटर. कोर्स केलाय, त्यामुळं प्रश्न फार) म्हणाली, मग आकडे आणायचे कुठून? मी कालची ओळ उचलली आणि आजच्या तारखेखाली ठेवून दाखवली. चुटकीसरशी काम. ती माझ्याकडे बघतच राहिली. साहजिक आहे. कोर्समध्ये असलं शिकवत नाहीत.

३० मार्च
कॉम्प्युटरच्या खोलीला पडदा लावला. चपला बाहेर काढायची सक्ती केली. शिस्त दिसली पाहिजे.
दुपारी भागुबाई नावाच्या एक बाई आल्या. सुप्याच्या पलीकडच्या वाडीतल्या, साठीच्या. उन्हातनं आलेल्या, पाणी मागितलं, दिलं. म्हणाल्या, "आठ दिस झालं टँकर न्हाय आला. धुन्याचं सोडा, प्यायाला न्हाय." मी आत जाऊन पाहिलं. रोज तीन खेपा. बाहेर येऊन सांगितलं, टँकर येतोय. तर म्हणाल्या, "मंग कुठं लिवलंय ते दावा की." दाखवता येत नाही, गोपनीय आहे, असं मी शांतपणे समजावलं. "माज्याच वाडीचं पानी आन् मलाच गुपित व्हय?" असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. अशा माणसांना प्रायव्हसी समजावणं अवघड.
तरी माणुसकी म्हणून तोंडी तक्रार घेतली आणि शब्द दिला की तुमचं नाव जिवात जीव असेपर्यंत कुणाला कळणार नाही. त्या म्हणाल्या, "नावाचं काय बी करा, पान्याचं बगा."
शब्द म्हणजे शब्द. आता त्या नावाची जबाबदारी माझी.

६ एप्रिल
इंदापूरच्या ऑफिसातली मंडळी आमचं काम पाहायला आली. त्यांच्याकडे अजून वायर नाही. मी म्हणालो, बसा, कुणीही बसा, उघडून दाखवा! त्यांच्यातलं कुणी हललं नाही. स्वरूपा बसली आणि तिनं उघडलं.
कारण कळलं तेव्हा घाम फुटला. भाजी गरम राहावी म्हणून मी जेवणाचा डबा मॉनिटरवर ठेवतो. स्टीलचा डबा. त्यावर भांड्याच्या दुकानात कोरून घेतलेलं, 'सौ. शकुबाई हिंदुराव जगदाळे'. सगळं ऑफिस रोज वाचतंय म्हणे. इंदापूरकर हसले. त्यांचा एक जण तर चहा पिताना परत हसला.
उपाय: डबा कपाटात. आज भाजी थंडगार खाल्ली. सुरक्षिततेची किंमत मोजावी लागते.

७ एप्रिल
इंदापूरकरांचं हसणं डोक्यातनं जात नाही. फिरायला जाणार होतो, त्याऐवजी नवा पासवर्ड शोधला. इथेही लिहीत नाही.

९ एप्रिल
रामहरीतात्या आले. जाता जाता सहज विचारलं, तक्रार कुणाची हाय ओ? मी तोंडाला कुलूप. फक्त बाईमाणूस आहे एवढं म्हणालो, आणि वय झालेलं आहे. वाडी तर मुळीच सांगितली नाही. सुप्याच्या पलीकडची आहे, एवढंच. तात्या म्हणाले, "तुमच्यासारका गुप्त मानूस मी बगितला न्हाय." उसाचा रस पाजून गेले.

१२ एप्रिल
सुप्याच्या बाजारात म्हणे चर्चा आहे की तक्रार केली कोणी. आता मला पाऊल उचलणं भाग होतं. वाडीचा कोतवाल ऑफिसात आला होता, त्याला दवंडी द्यायला सांगितली. सरकारी हुकूम गावात जातो तो दवंडीनंच. मजकूर मी स्वतः पाठ करून घेतला: टँकरची तक्रार भागुबाईंनी केली आहे, ही गोष्ट कोणी कोणास विचारू नये व कोणी कोणास सांगू नये, सांगितल्यास कारवाई होईल.
कोतवालानं विचारलं, "नाव घिऊनच सांगू?" मी म्हणालो, अरे, नाव घेतल्याशिवाय लोकांना कळणार कसं की कुणाचं नाव घ्यायचं नाही? त्यानं मान डोलवली. काही माणसांना पटकन उमजतं.

१३ एप्रिल
दवंडी झाली. वाडीत जयंतीच्या मांडवाचा कर्णा आधीच चढवलेला होता, कोतवालानं डोकं लावून त्यावरूनही सांगितलं. सुप्यापर्यंत ऐकू गेलं. एवढा पक्का बंदोबस्त तालुक्यात पूर्वी झाला नसेल. रात्री शांत झोपलो.

१६ एप्रिल
टँकर वाडीत गेला. सगळ्यांचे हंडे, पिंपं भरली. भागुबाईंच्या पिंपापाशी आल्यावर ड्रायव्हरनं पाइप बंद केला. म्हणाला, "तुमी वर कळवलंय न्हवं? मंग पानीबी वरनंच घ्या." स्वरूपाच्या मामाचं घर तिकडंच आहे, तिनं सांगितलं. भागुबाईंना शेजारणींनी तांब्या-तांब्यानं पाणी दिलं म्हणे.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. दुपारी डोळा लागला नाही. पण माझं चुकलं कुठं? हुकूम स्पष्ट होता. लोकांनीच पाळला नाही. या लोकांवर कारवाई करावी असं टिपण साहेबांना द्यायचं ठरवलं.

१९ एप्रिल
उद्या मेहुण्याच्या लग्नाला इंदापूरला जायचं आहे. माझ्या मागं खोली उघडी राहायला नको, म्हणून उद्याच्या खेपा आजच चढवल्या. खोलीला कुलूप, किल्ली खिशात. टिपण लिहायचं राहिलं.

२० एप्रिल
लग्नाला जाता आलं नाही.
सकाळी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो तोवर शिपाई सायकलवरून आला. ऑफिसात भागुबाई आणि वाडीच्या बायका, रिकामे हंडे घेऊन व्हरांड्यात बसलेल्या. एकीनंही चपला काढल्या नव्हत्या. साहेब म्हणाले, खोली उघडा, खेपा दाखवा. मी हळूच म्हणालो, गोपनीय आहे. साहेब म्हणाले, माझ्यापासूनसुद्धा? पासवर्ड टाकताना त्यांना तोंड फिरवायची विनंती केली. त्यांनी फिरवलं नाही.
रोज तीन खेपा. एकसारख्या, रांगेनं, पाहायला सुरेख. पण ज्या आठवड्यात टँकर वडगाव निंबाळकरला गॅरेजात उभा होता, त्या आठवड्यातही तीन. त्या बंद दिवसांचा अर्ज तात्यांनी स्वतःच साहेबांना दिलेला. मला कसं कळणार? फोन तर बंद होता.
मग साहेबांचं लक्ष शेवटच्या ओळीकडं गेलं. घड्याळात पावणेदहा. त्यांनी विचारलं, आजचं पाणी पोचलंसुद्धा? मी म्हणालो, पोचेल. स्वरूपा खिडकीबाहेर बघत होती. भागुबाई पडदा सारून आत आल्या, त्याच चपलांनी. म्हणाल्या, "सायेब, माजं नाव लपवा असं मी म्हनलंच न्हवतं. टँकर लपवलाय त्यो दावा."
यावर उत्तर तयार आहे. टिपणात लिहीन.

१ मे, महाराष्ट्र दिन
वाडीत ग्रामसभा. साहेब स्वतः आले. मी 'माहितीचं संरक्षण' यावर दोन शब्द बोलायची तयारी करून गेलो होतो, सदराही इस्त्रीचा. संधी मिळाली नाही. तात्यांचा टँकर बंद, दुसरा लावला. यापुढं प्रत्येक खेप शाळेच्या भिंतीवर लिहायची, सगळ्यांना दिसेल अशी. ती लिहिणार भागुबाई. साक्षरता वर्गात शिकल्यात. उघड्या भिंतीवर! पासवर्ड नाही, पडदा नाही. मी हात वर केला, पण तेवढ्यात टाळ्या वाजल्या.
वायर स्वरूपाकडे. मला टँकरबरोबर फिरायचं आहे. साहेब म्हणाले, हे फील्डवरचं काम आहे. एका अर्थी बढतीच.

४ मे
पहाटे उठलो, कारण टँकर पहाटे निघतो. केबिनमध्ये इंजिनाची धग. वाडीत पाइप मीच धरला, विजार गुडघ्यापर्यंत भिजली. भागुबाईंच्या पिंपात पाणी काठोकाठ येईस्तोवर त्या पिंपापाशी उभ्या होत्या. पाणी चांगलं गार होतं.
मग कोळसा घेऊन भिंतीपाशी गेल्या. तारीख लिहिली. खेप पहिली लिहिली. अक्षर सावकाश, पण सरळ. मागं वळून म्हणाल्या, "आननाऱ्याचं नावबी लिवायचंय. लिवू, का गुपित ठिवायचं?"
बायका हसल्या. ड्रायव्हरही हसला.
पूर्ण नाव सांगितलं. मोठ्या अक्षरांत लिहिलंय. सुप्याच्या रस्त्यावरनं दिसतं.